माईक बिघडला नव्हता

किशन,

ही गोष्ट सांगायची मी चाळीस वर्षं टाळली. कुणी विचारलं तर विषय बदलला. कुणी आपणहून सांगायला लागलं तर ऐकून घेतलं आणि मान हलवली. परवा, तू गेल्यानंतर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही तेच केलं. म्हणून आधी ते एक वाक्य लिहून टाकतो, नाहीतर पुढच्या चार पानांत मी ते कुठंतरी गोड बोलून बुडवीन. माझी सवय तुला ठाऊक आहे. त्या दिवशी माईक बिघडला नव्हता.

परवा तुझी सुजाता बोलली. वंदना झाली, भन्तेजींचं झालं, मग ती उभी राहिली. पांढरी साडी, हातात कागद नाही. दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकवले, मांडवाच्या शेवटच्या टोकाला बघितलं आणि तोंड उघडायच्या आधी थोडी थांबली. मी खाली बघितलं. ते थांबणं कुणाचं आहे हे त्या मांडवात मला एकट्यालाच कळलं असेल.

तिनं तुझ्या आठवणी सांगितल्या आणि शेवटी म्हणाली, बाबांची एक गंमत सांगते. लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात कार्यक्रम होता, व्यंकटकाका आभार मानत होते. शेवटचं नाव बाबांचं होतं. नेमका तेव्हाच माईक बंद पडला. बाबा हसून म्हणायचे, माझं नाव माईकनं खाल्लं.

लोक रडत रडत हसले. मग तिनं मला बोलायला बोलावलं. मी दहा मिनिटं बोललो, किशन. लोकांनी डोळे पुसले. खाली उतरल्यावर दोघं-तिघं म्हणाले, सर, लई चांगलं बोललात. ती गंमत खरी नाही, एवढं सोडून मी सगळं बोललो होतो. निघताना सुजाता म्हणाली, "काका, स्मरणिकेत तुमचा लेख पाहिजे. बोललात तसंच लिहा." तसं लिहायचं नाही, एवढंच ठरवून बसलोय.

बहात्तरच्या दुष्काळापासून सुरुवात केली पाहिजे, कारण आपली खरी ओळख तिथली. एका गावात वाढलो, एका शाळेत शिकलो, पण तुमची वस्ती पलीकडं आणि आमचं घर अलीकडं. मॅट्रिकला तुला माझ्यापेक्षा चांगले मार्क होते. पाझर तलावाचं काम निघालं तेव्हा हजेरीपत्रक मात्र माझ्या हातात आलं आणि तुझ्या हातात कुदळ. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

हजेरी घ्यायची म्हणजे सकाळी तीनएकशे माणसांपुढं उभं राहून एकेक नाव पुकारायचं. मला ते जमेना. आमच्या घरात मोठ्यांपुढं बोलायची रीतच नव्हती. वडील आणि थोरले चुलते, आमचे आबा, बैठकीत बसले की पोरांनी दाराआड उभं राहायचं. विचारलं तर मान हलवायची. अठरा वर्षं मान हलवलेल्या माणसाचा आवाज तीनशे लोकांपुढं कुठून निघणार? पहिल्या दिवशी माझं मलाच ऐकू येईना. सोनाबाई नावाची म्हातारी सगळ्यात मागं, पाटी डोक्यावर घेऊन उभी असायची. ती ओरडली, "आरं नावं घेतोस का मंतर म्हणतोस?" सगळे हसले. माझा होता तोही आवाज गेला.

तिसऱ्या दिवशी सोनाबाईचं नाव मी पुकारलं, ते तिला ऐकू गेलं नाही. मी गैरहजर मांडलं. ती दिवसभर माती वाहत होती आणि संध्याकाळी तिला कळलं की तिचा दिवस बुडाला. ती तिथंच मातीवर बसून राहिली. तू कुदळ टाकून माझ्याकडं आलास. मला वाटलं, आता हा भांडणार.

तू म्हणालास, "व्यंकट, तू नावं वाचून राहिला. वाचू नको. हाक मार."

"म्हणजे?"

"म्हणजे कागदाला कशाला सांगतो? सोनाबाईला हाक मारायची तर सोनाबाईकडं बघ की."

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत तू मला तळ्याच्या कोरड्या खड्ड्यात उभं केलंस आणि स्वतः पलीकडच्या पाळीवर जाऊन उभा राहिलास. खांद्यावर तुझा तो तांबडा रुमाल. मी नावं पुकारायची. ऐकू आलं नाही तर तू कानामागं हात धरायचास. आलं की खांद्यावरचा रुमाल डोक्यावर टाकायचास. पहिले चार दिवस तुझा हात कानामागून हललाच नाही. उन्हानं माझी टाळू भाजली आणि तुझीही भाजली असणार, कारण रुमाल खांद्यावरच होता.

तू पाळीवर इतका लांब उभा राहायचास ते माझा आवाज लांब जावा म्हणून. मला ते अंतर आणखी एका कारणानं बरं वाटायचं. आमच्या घरचं कुणी तिकडून गेलं असतं, तर आपण दोघं एकत्र आहोत असं त्यांना वाटलं नसतं. हे तुला कळलेलं होतं, कारण आमचा गडी रस्त्यानं दिसला की तू पाठ फिरवून उगाच लांबवर बघत बसायचास. त्यावर आपण कधी बोललो नाही.

तुझी शिकवणूक फार साधी होती. पाय रोव, नाहीतर आवाज बी डगमगतो. पहिलं वाक्य आखूड ठेव, लांब घेतलंस तर मधीच दम जातो. विसरलास तर थांब, घाबरू नको, लोकांना वाटतं इचार करून राहिला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या रांगेसाठी बोलू नको, त्यांना कसंबी ऐकू जातं. मागं सोनाबाई उभी हाय, तिला सांग.

हे तुला कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं. तू हसलास. म्हणालास, आमच्यात जयंतीला पाच वर्षाचं पोर टेबलावर उभं करतात अन् म्हणतात, बोल. ते दोन वाक्यं बोलतं, तिसऱ्याला रडतं, तरी सारी वस्ती टाळ्या वाजवती. पुढच्या वर्षी ते चार वाक्यं बोलतं. मग म्हणालास, "तुमच्यात पोराला गप बस म्हणतात, आमच्यात बोल म्हणतात. एवढाच फरक हाय, बाकी काय न्हाई." मला राग आला होता. आता वाटतं, माझ्या सगळ्या शिक्षणात याहून खरं काही मला कुणी सांगितलेलं नाही.

बाराव्या की तेराव्या दिवशी पाळीवर रुमाल डोक्यावर गेला. त्या आठवड्यात मी हजेरी घेतली तेव्हा सोनाबाईनं मागून "हाय" म्हटलं आणि वर म्हणाली, "लेकराला कंठ फुटला, बाई."

पुढं मी नांदेडला कॉलेजला गेलो. तूही आलास, एका कचेरीत शिपाई म्हणून लागलास आणि नोकरी सांभाळून बी.ए.ला बसलास. मी वक्तृत्व स्पर्धांत उतरायला लागलो. कुठंही स्पर्धा असो, शेवटच्या रांगेत तू असायचास, कचेरीतून सायकलवर आलेला, घामेजलेला. बोलताना मी परीक्षकांकडं बघतोय असं लोकांना वाटायचं. मी रुमालाकडं बघत असायचो.

तिथंच आपला तो वाद सुरू झाला, जो मिटायचा राहिला. दुष्काळावर बोलून मी पहिला नंबर आणला होता. भेगाळलेली धरणी, आसुसलेलं आभाळ, असं बरंच काही होतं त्यात. स्टेशनजवळ चहा घेताना मी विचारलं, कसं झालं? तू म्हणालास, "तू बोलून नाही राहिला, व्यंकट. वाजून राहिला."

मी चिडलो. तू विचारलंस, सोनाबाईचा दिवस बुडाला, ते का सांगितलं न्हाईस? मी म्हणालो, सभेत असलं बोलत नसतात.

"मग सभा कशाला भरवतात?"

 नंतरही मी वाजतच राहिलो, आणि मला त्याचे हारतुरे मिळत गेले. पण नांदेडच्या त्या वर्षांत एक गोष्ट मी मनात पक्की केली होती. एक दिवस मोठ्या सभेत, आमच्या घरच्यांसमोर, मला बोलायला कुणी शिकवलं हे मी सांगणार. तुला तसं मी बोलूनही दाखवलं. तू म्हणालास, "सांग की. मला बी बघू दे, माझं नाव माईकवर कसं वाजतं."

मग लातूर जिल्हा झाला. मी तोवर आपल्याच गावच्या शाळेत मास्तर होतो आणि तू नांदेडहून बदली मागून नव्या जिल्ह्याच्या कचेरीत लिपिक म्हणून आला होतास. शाळेच्या मैदानात आनंदाचा कार्यक्रम ठरला. लातूरहून पाहुणे, संस्थेचे अध्यक्ष, पंचक्रोशीतली माणसं. आभार माझ्याकडं आले. आपल्याकडं आभार म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. भाषण कुणी ऐको न ऐको, आभाराच्या वेळी प्रत्येकाचा कान उभा असतो. नाव राहिलेला माणूस वर्षभर बोलत नाही.

मी तेरा नावांची यादी केली. बारा नावं रिवाजाची. तेरावं, "आणि किशन, ज्यानं मला बोलायला शिकवलं." तुला दोन दिवस आधी सांगितलं. कार्यक्रमाच्या सकाळी तू आलास तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, कमलवहिनीला आणि तुझ्या आईला घेऊन. मांडव, सतरंज्या, माईक, सगळी व्यवस्था तू पाहत होतास. आईला तू मागं लिंबाखाली बसवलंस. ती ज्याला-त्याला सांगत होती, आज माझ्या लेकाचं नाव घेणार हायेत.

त्या सकाळी घरातून निघताना आबांनी माझ्या खिशातला कागद मागितला. चष्मा लावून सावकाश वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "मांडव घातला म्हणून आभार मान त्याचे, कोण नको म्हणतंय? पण आपल्या घरच्याला बोलायला यांनी शिकवलं, हे तू अध्यक्षांपुढं सांगणार?" मी मान हलवली. तिशीला आलेला माणूस, जिल्ह्यात बोलणारा म्हणून नाव झालेला, दाराआडच्या पोरासारखी मान हलवून बाहेर पडला.

तरीही सांगतो, मंचावर चढेपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. कागद तोच होता, ओळ खोडली नव्हती. मी एकेक नाव घेत गेलो, तू शिकवल्याप्रमाणं त्या माणसाकडं बघून. बारावं नाव झालं. मी मागं बघितलं. ॲम्प्लिफायरच्या पेटीजवळ तू उभा होतास आणि तुझा रुमाल केव्हाचा डोक्यावर होता. सगळं पोचत होतं. मग माझी नजर पुढच्या रांगेत आली. आबा माझ्याकडं बघत नव्हते, आपल्या जोड्यांकडं बघत होते. अध्यक्ष माझ्याकडं बघून हसत होते.

मी म्हणालो, "आणि अनवधानानं ज्यांची नावं राहून गेली असतील, अशा सर्वांचे..."

हे वाक्य आपल्याकडं प्रत्येक आभारात असतं. मी ते शेकडो वेळा ऐकलंय, म्हटलंय. त्या दिवशी ते तोंडातून निघालं तेव्हा मला कळत होतं की अनवधान वगैरे काही नाही. कागद डोळ्यांसमोर होता. तुझं नाव माझ्याच अक्षरात होतं.

वाक्य पुरं झालंच नाही. माईक बंद पडला. लोकांनी कुजबुज केली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बँडवाल्यानं सुरुवात केली आणि कार्यक्रम संपला. सगळ्यांना वाटलं, वायर गेली. पण मी मंचावर होतो, किशन. मला दिसलं. तुझा हात पेटीच्या बटणावर होता.

राग म्हणून तू ते केलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. पण बटण फिरवल्यावर तू माझ्याकडं बघितलंच नाहीस. आधी लिंबाकडं बघितलंस, आईकडं. आणि मग हात हलवून तिला खूण केलीस की यंत्र गेलं. आपल्या लेकाचं नाव मुद्दाम गाळलं हे तिला कळू नये, म्हणून तू माझं वाक्य तोडलंस. मला वाचवलंस की तिला, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतोय. मला वाटतं, तिला. मी त्यात आपोआप वाचलो.

अजून एक आहे आणि ते याहून वाईट आहे. पाहुणे निघताना अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, मास्तर, एवढं बोलायला कुठं शिकलात? तू दोन पावलांवर वायर गुंडाळत होतास. मी म्हणालो, "घरातच. वडील पोथी वाचायचे." माझे वडील पोथी वाचत नसत, हे तुलाही ठाऊक होतं.

ते गेले. तू वायरचं वेटोळं खांद्यावर अडकवलंस आणि माझ्यापाशी येऊन म्हणालास, "बारा नावं खणखणीत आली, व्यंकट. पार लिंबापर्यंत." बस. ना त्या दिवशी त्यावर काही म्हणालास, ना पुढं कधी. घरी जाऊन तू ती माईकची गंमत केलीस आणि तुझ्या घरातल्या सगळ्यांनी ती खरी धरली. तुझ्या आईनं मला पुढं कितीदा म्हटलं असेल, "मेल्या यंत्राला बी तवाच जायचं होतं." मी दर वेळी म्हणायचो, हाव ना, माय.

आपलं येणंजाणं तुटलं नाही, याचं आता जास्त वाटतं. तू सुजाताच्या लग्नात मला बोलायला लावलंस. मी मुख्याध्यापक झालो तेव्हा पेढे घेऊन आलास. मी पोरांसाठी भाषणाचे वर्ग घेऊ लागलो, जळकोटपासून देवणीपर्यंत शाळांनी मला बोलावलं. तिथं मी काय शिकवलं? पाय रोवा. पहिलं वाक्य आखूड. विसरलात तर थांबा. शेवटच्या रांगेशी बोला. पोरं ते वहीत लिहून घ्यायची आणि वर माझं नाव टाकायची. जळकोटची एक मुलगी आठवते, स्वतःचं नाव सांगताना रडायची. मी तिला मैदानाच्या एका टोकाला उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला गेलो, कानामागं हात धरून. सहा दिवसांनी तिचा आवाज आला. ती धावत माझ्याकडं आली आणि पाया पडली. खरं तर तिनं तुझ्या पाया पडायला हवं होतं. ती आज वकील आहे. तिला हा अंक पाठवणार आहे.

मागच्या हिवाळ्यात मी तुझ्याकडं लातूरला आलो, तो शेवटचा. तुझ्या कानानं दगा दिलेला होता. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तू ते डब्यात ठेवून दिलं होतंस. तू दारातल्या खुर्चीवर उन्हाला बसला होतास, सुजाता आत चहा ठेवत होती, शेजारच्या ओट्यावर बायका तूर निवडत होत्या. मी येताना एस.टी.त माफीचं ते वाक्य घोकत आलो होतो. जिल्ह्यात हजारभर भाषणं केलेला माणूस एक वाक्य घोकत आला होता.

मी तुझ्याजवळ सरकलो आणि ते हळूच म्हणालो. तू कानामागं हात धरलास.

तो हात बघितला आणि मला तळ्याचा खड्डा आठवला. मी पुन्हा म्हणालो, थोडं मोठ्यानं. शेजारच्या बायकांनी वर बघितलं. तुझा हात तिथंच होता. आता म्हणायचं तर ओरडून म्हणावं लागलं असतं, गल्लीला ऐकू जाईल असं, आत सुजाताला ऐकू जाईल असं. मी विचारलं, "तब्येत कशी हाय म्हणालो." ते तुला ऐकू गेलं. ते मी मोठ्यानं म्हणू शकलो.

तू हसलास. म्हणालास, "लई बारीक बोलून राहिला, व्यंकट. हजेरीच्या पहिल्या दिवसासारखा. मागच्या बाईला कसं ऐकू जावं?"

मग चहा आला. तुला सगळं ऐकू आलं होतं, असं मला कधीकधी वाटतं. तू मला पुन्हा एकदा पाळीवरून शिकवत होतास, आणि रुमाल डोक्यावर टाकायला तयार होतास, असंही वाटतं. पण ही माझ्या सोयीची कल्पना असेल. तू गेलास आणि मी बोललो नाही, एवढंच खरं.

सुजाता, हे छापताना एकही शब्द गाळू नकोस. तुझ्या आजीला लिंबाखाली जे ऐकायला मिळालं नाही, ते तुझ्या आईला वाचून दाखव. आता पाय रोवून उभा राहतो आणि वाक्य आखूड ठेवतो.

तेरावं नाव किशनचं. मला बोलायला त्यानं शिकवलं.

मी विसरलो नव्हतो, किशन. भ्यालो होतो. मला माफ कर.